सोन्याचा रंग



येथून जवळच असलेल्या सराफ बाजारात जाऊन आम्ही 'शुद्ध सोन्याचा रंग कोणता?' असे विचारले, तर पेढीवरचे शेटजी आमच्याकडे संशयाने पाहतील. पदार्थविज्ञानाला मात्र हा प्रश्न विचारणे भाग पडले. १८५७ साली मायकेल फॅरडे याने लंडनमध्ये सोन्याचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत ठेवले, तो ते पाणी माणकासारखे लाल दिसू लागले. सोने तेच, कसही तोच. कण तेवढे बारीक झाले होते.

हे का व्हावे? मीटरचा अब्जावा भाग म्हणजे नॅनोमीटर. काही नॅनोमीटरांच्या कणात इलेक्ट्रॉनांना हिंडावयास जागा उरत नाही. प्रकाश पडताच ते सारे एका तालावर हेलकावू लागतात. कोणता रंग शोषावयाचा, हे मग कणाची घडण ठरविते. गोल कण हिरवा प्रकाश गिळतो, म्हणून लाल दिसतो. तोच पत्र्यासारखा चपटा केला, की शोषण डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांकडे सरकते.

असे चपटे कण करणे नाजूक काम. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री व त्यांचे सहकारी यांनी ते केले कशाने, तर गवती चहाने! (आपल्या परसातला नव्हे, पण त्याच कुळातला.) पाने उकळून काढलेला अर्क त्यांनी सोन्याच्या क्षाराच्या द्रावणात मिसळला. आधी गोल कण झाले, ते एकमेकांत विरघळल्यासारखे मिसळले आणि पातळ त्रिकोणी पापुद्रे तयार झाले, तेही भट्टीवाचून. २००४ साली 'नेचर मटेरियल्स'मध्ये हे प्रसिद्ध झाले.

अवरक्त किरण शोषून हे कण तापतात. त्या उष्णतेने अर्बुद जाळता येईल काय, असा विचार शास्त्रज्ञ करतात. परंतु कण तापणे निराळे आणि रोगी बरा होणे निराळे. तो कण शरीरात कोठे जातो, किती दिवस राहतो, हे सारे आधी तपासावे लागते. आमच्या एका आप्ताला एवढा धीर नव्हता. पत्नीच्या दुखण्यासाठी त्याने तिच्याच पाटल्या मोडून 'नॅनो सुवर्णजला'च्या बाटल्या आणल्या. आम्ही विक्रेत्याला फोन लावून विचारले, "कणांचा आकार किती?"

"साहेब," तो म्हणाला, "अगदी बारीक."