नगरला समुद्र नाही, पण सागर आहे
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात एका ज्येष्ठ सभासदाने केलेले भाषण)



सचिवसाहेबांनी मला पाच मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलाय, ‘हिवाळ्यातले पक्षी’. गच्चीवर मी दुर्बीण घेऊन उभा राहिलो की सुरुवातीला काही घरांच्या खिडक्या बंद व्हायच्या. आज जाहीर खुलासा करतो, मी पक्षीच बघत होतो!

आपल्या नगर जिल्ह्याला समुद्र नाही, पण सागर आहे, नाथसागर. पैठणजवळ गोदावरीवर जायकवाडीचं धरण १९७६ साली झालं आणि त्याचं पाणी आपल्या शेवगाव तालुक्यापर्यंत पसरलं. त्यात आमचं शेत गेलं. मी तेव्हा शाळकरी पोर. ज्वारी हुरड्यात आली की भोरड्यांचे थवे उतरायचे आणि वडील माळ्यावर उभे राहून गोफण फिरवायचे. पक्षी म्हणजे कणसाचे चोर, एवढीच ओळख. शेत गेल्यावर वडील त्या पाण्याकडे कधी फिरकले नाहीत. मीही चाळीस वर्षं टाळलं.

रिटायर झाल्यावर एका जानेवारीत नातवाच्या हट्टापायी गेलो. पहाटे निघालो, उन्हं वर यायच्या आत काठावर पोचलो. हे धरण पसरट आणि उथळ. हिवाळ्यात पाणी हटायला लागलं की काठाला चिखल उघडा पडतो. त्यात किडे, शंख, कोवळं गवत. पाहुण्यांना पंगतच! म्हणून तर १९८६ साली इथं पक्षी अभयारण्य जाहीर झालं. चक्रवाक होते, थापट्या बदकं होती. नातवानं विचारलं, “आजोबा, आपलं शेत कुठं होतं?” मी अंदाजानं बोट दाखवलं. तिथं पट्टकादंब हंस चरत होते. डोक्यावर दोन काळे पट्टे. हे हंस तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतात. सात हजार मीटरहून अधिक उंचीवर उडताना त्यांची नोंद झाली आहे. सातबाऱ्यावर आता आमचं नाव नाही, पण एवढ्या लांबून येणाऱ्याला तिथं दोन घास मिळतात, हे बघून मनातला जुना काटा जरा सैल झाला. दुर्बीण नातवाकडे दिली आणि मी उगाच चष्मा पुसत बसलो.

आता आपल्या घरामागचं सांगतो. पाण्याच्या टाकीमागे ओली जागा आहे ना, तिथं दर हिवाळ्यात धोबी पक्षी येतो. चिमणीपेक्षा थोडा लांबोडा, करडा-पांढरा, शेपटी सारखी खालीवर. तोही उत्तरेकडचाच पाहुणा. उंबरावर भोरड्या उतरतात. ज्यांच्यावर वडिलांनी गोफण चालवली, त्यांची मी आता वाट बघतो!

त्या जागेत पेव्हर ब्लॉक टाकून पार्किंग करायचं, उंबर काढायचा, असा विषय कमिटीपुढे आहे. गाड्यांची अडचण मलाही कळते. माझाही मुलगा रोज रात्री जागा शोधत दोन फेऱ्या मारतो. माझं म्हणणं एवढंच की टाकीमागची दहा फूट पट्टी मातीची राहू द्या आणि उंबर ठेवा. फार तर पाच-सहा दुचाकी कमी बसतील. माझी स्कूटर त्यातली पहिली धरा. ती मी कंपाउंडबाहेर लावीन.

आणि मुलांनो, गच्चीत मातीचं पसरट परळ भरून ठेवा. रोज पाणी बदला, म्हणजे डास होणार नाहीत आणि आईही ओरडणार नाही.

आमचं शेत गेलं तेव्हा आम्हाला कुणी विचारलं नव्हतं. पक्ष्यांना तर कुणीच विचारत नाही. म्हणून येत्या सर्वसाधारण सभेत हात वर करताना त्यांच्या वतीनं जरा विचार करा, एवढी विनंती करतो आणि माझे दोन शब्द संपवतो.