आधी खराटा, मग कीर्तन



अमरावती जिल्ह्यात पाच वर्षांच्या अंतरानं दोन मुलं जन्मली. 1876 मध्ये शेंडगावला झिंगराजी जानोरकरांच्या घरी डेबूजी, आणि 1881 मध्ये लोणी टाकळीला गुलाब मोहोड. पहिल्याला अक्षरओळख नव्हती. दुसऱ्याची दृष्टी तान्हेपणीच गेली. आत्मा म्हणजे काय आणि माणूस आतून वाढतो म्हणजे नेमकं काय होतं, हे समजून घ्यायला वऱ्हाडाबाहेर जायची गरज पडू नये, इतकं या दोघांनी जगून दाखवलं आहे.

गुलाबराव महाराजांनी दुसऱ्यांकडून ग्रंथ वाचून घेतले, तोंडी सांगून लिहवून घेतले. 1915 मध्ये त्यांनी देह ठेवला तेव्हा वय अवघं 34 होतं आणि मागे शंभराहून अधिक ग्रंथ होते. डार्विन आणि स्पेन्सर यांच्या मतांशीही त्यांनी वाद घातला. आत्मा एकच आहे हे अद्वैत त्यांना पूर्ण मान्य, पण त्या एकपणात भक्तीचं प्रेम विरून जातं हे मान्य नाही. म्हणून त्यांच्या विचाराला मधुराद्वैत म्हणतात. ते स्वतःला ज्ञानेश्वरांची कन्या आणि श्रीकृष्णाची पत्नी मानत. गळ्यात मंगळसूत्र, कपाळी कुंकू. शंभर वर्षांपूर्वीच्या खेड्यात, शेतकऱ्याच्या घरातला हा तरुण असा वावरत होता. आत्मा देहाहून वेगळा आहे असं प्रवचनात सांगणारे पुष्कळ भेटतात. महाराजांनी ते चारचौघांत अंगावर वागवलं, आणि लोक काय म्हणतील या धाकातून सुटल्याखेरीज ते जमत नाही.

डेबूजीची वाट याहून खडतर. दारूनं वडील गेले. आई पोराला घेऊन भावाकडे आली, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला. तिथं त्यानं गुरं राखली, नांगर धरला. मामाचं शेत सावकाराच्या कर्जात गेलं. लिहिता-वाचता न येणाऱ्या कुळाला कागदावर काय चढवलंय ते कळत नसे, अंगठा मात्र उठत असे. हा घाव डेबूजी कधी विसरला नाही. मुलीच्या बारशाला मटण आणि दारूऐवजी त्यानं गोड जेवण घातलं आणि भाऊबंदांचा रोष पत्करला. 1 फेब्रुवारी 1905 ला त्यानं घर सोडलं.

पुढे लोकांनी गाडगेबाबा म्हणून पाहिला तो हाच माणूस: अंगावर चिंध्यांची गोधडी, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, हातात खराटा आणि मातीचं गाडगं. गावात शिरला की आधी रस्ते आणि गटारं साफ. भाकरी हवी असेल तर त्याबदली काहीतरी काम. रात्री कीर्तन. तेही एकट्यानं बोलायचं नाही. ते प्रश्न टाकायचे आणि श्रोत्यांकडून उत्तर वदवून घ्यायचे: कर्ज काढून सण का करता, नवसाला बकरं का कापता, शिवाशिव का पाळता, पोरांना शाळेत का घालत नाही. कुणी पाया पडायला वाकला तर त्यांना ते मुळीच खपत नसे.

लोकांनी दिलेल्या पैशांतून नाशिक, आळंदी, पंढरपूर इथं धर्मशाळा उभ्या राहिल्या, मूर्तिजापूरला गोरक्षण झालं. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. यातलं काहीही त्यांनी आपल्या घरच्यांच्या वाट्याला येऊ दिलं नाही. 20 डिसेंबर 1956 ला अमरावतीकडे येताना वलगावजवळ, पेढी नदीपाशी त्यांची प्राणज्योत मालवली. बाबासाहेबांना जाऊन तेव्हा दोनच आठवडे झाले होते.

अध्यात्म म्हणजे मनःशांती, असा समज अलीकडे पक्का झाला आहे. शिबिरं भरतात, मोबाईलवर ध्यानाचे ॲप चालतात. त्यात वाईट काही नाही. परीक्षेच्या आणि नोकरीच्या ताणात मन थाऱ्यावर आणणं हे मोठंच काम आहे. पण गाडगेबाबांना शांती मिळाली म्हणून ते थांबले असं कुठं दिसत नाही. दुसऱ्याच्या दारातली घाण त्यांना आयुष्यभर अस्वस्थ करत राहिली. तासभर डोळे मिटून बसल्यावर, गटारात उतरलेल्या सफाई कामगाराकडे पाहण्याची नजर तीच राहिली असेल, तर आत काही वाढलं असं म्हणता येणार नाही. हे मत कुणाला कठोर वाटेल, पण या मातीतल्या संतांनी लावलेली कसोटी हीच आहे.

आता एक पदवीधराचं उदाहरण, कारण इथं बसलेल्यांना ते अधिक जवळचं आहे. पापळचे पंजाबराव देशमुख विलायतेत बॅरिस्टर झाले, वैदिक वाङ्मयातील धर्माचा उद्गम आणि विकास या विषयावर त्यांनी डॉक्टरेट मिळवली. असा माणूस परतल्यावर धर्मावर व्याख्यानं देत सुखात राहिला असता. त्यांनी 1927 मध्ये अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून लढा उभारला, आणि 1932 मध्ये श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली. वेदांचा अभ्यास त्यांनी असा देवळाच्या दारापर्यंत आणून पोचवला. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. अमरावतीच्या विद्यापीठाला गाडगेबाबांचं. एक वेदांचा डॉक्टर, एक निरक्षर, आणि या दोन नावांखाली वऱ्हाडातली मुलं पदव्या घेतात.

स्नातकहो, दापुऱ्याच्या त्या मामासारखी माणसं आजही तुमच्या गावात आहेत. त्यांच्यापुढे सातबारा येतो, पीककर्जाचा कागद येतो, विम्याचा अर्ज येतो, आणि ते सही कुठं करायची एवढंच विचारतात. घरी गेलात की यांपैकी एकाच्या शेजारी बसा, कागद पहिल्या ओळीपासून वाचून दाखवा, त्यांना समजला याची खात्री करा आणि मगच पेन त्यांच्या हातात द्या.