कामगारांचा वकील आधी काय विचारतो?

सोलापूर-पुणे महामार्गावरच्या चिंचोळी एमआयडीसीत ठेकेदाराकडे राबणाऱ्या कामगाराला एक दिवस फाटकावर सांगितलं जातं, 'उद्यापासून येऊ नको.' तो कामगार न्यायालयात काम करणाऱ्या वकिलाकडे जातो. अन्याय किती झाला, हे वकील नंतर ऐकतो. आधी विचारतो, 'वर्षात किती दिवस भरले?'

कारण 240 दिवस. बारा महिन्यांत इतकं काम झालं असेल, तर कामावरून कमी करताना महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय दर वर्षामागे पंधरा दिवसांचं वेतन द्यावं लागतं. या मोजणीत पगारी रविवार आणि सुट्ट्याही धरायच्या, असं सर्वोच्च न्यायालयानं 1985 मध्ये सांगितलं. पण दिवस सिद्ध करण्याचा भार कामगारावरच, हे 2002 चा निकाल सांगतो. हजेरीपट मात्र मालकाच्या कपाटात! म्हणून चांगला वकील तो न्यायालयामार्फत मागवतो. पीएफचा उतारा, ईएसआय कार्ड, बँकेतल्या पगाराच्या नोंदी गोळा करतो.

या वकिलांपैकी कित्येकांची घडण कामगार संघटनांत झाली. कारण 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यानं कामगार न्यायालयात वकील उभा करायला समोरच्या पक्षाची संमती आणि न्यायालयाची परवानगी लागे. संघटनेच्या पदाधिकाऱ्याला ती अडचण नव्हती.

मुदतही पाहावी लागते: राज्याच्या 1971 च्या कायद्याखाली अनुचित कामगार प्रथेची तक्रार 90 दिवसांत करावी लागते. साहेब परत बोलावतील म्हणून वाट पाहण्यात हे दिवस सरतात. तेव्हा पगाराची चिठ्ठी जपा, आणि वकिलाकडे लवकर जा.