पावली मागच्याच्या पायानं



तरडगावाच्या अलीकडं चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण होतं. वाटेच्या दोन्ही अंगाला दिंड्या उभ्या, मधून माउलींचा अश्व पळतो. मग टाळ-मृदंग घुमतो, पावली रंगते. बघणारे म्हणतात, काय नाच हाय! पण माउली, हा खेळ दाखवायचा नव्हे. टाळकरी, विणेकरी, तुळशीवाल्या मायबहिणी, सगळ्यांनी मिळून घ्यायचं हे नाम आहे.

आपली पोरं मृदंग झकास वाजवतात, आम्हाला कौतुक आहे. पण समोर मोबाईल धरला की हात पळायला लागतो. मग मागच्या ओळीतली आजी पावली सोडून नुसती उभी राहते. नाम चालू अन् ती बाहेर! एवढं पायी चालून ती यासाठी आली का?

आम्ही शेतकरी माणसं. जोडीतल्या थकल्या बैलाच्या चालीनं औत हाकतो, नाहीतर तास वाकडं जातं. तसंच इथं. वाजवणाऱ्यानं नजर मागच्या पायांवर ठेवावी. आजीचं पाऊल पडंल तशी थाप पडू द्या. शंभर वर्षं दिंडी चालली ती कुणाला मागं न टाकता. पुढंही तशीच चालवा.

रामकृष्ण हरी.