रडार नेमकं कुणाचं?

परभणीत विज्ञान शिकवताना मुलांचा एक प्रश्न हमखास येतो : रडारचा शोध लावला कुणी? पुस्तकं वेगवेगळी नावं सांगतात. पेटंटचे कागद पाहिले, की या वादाचा उलगडा होतो.

जर्मनीच्या ख्रिस्टियान हुल्समायरनं १९०४ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. रेडिओलहरी जहाजावर आपटून परत येतात, म्हणून धुक्यातही जहाजाचा सुगावा लागतो, हा त्याचा दावा. कोलोनला ऱ्हाईन नदीवर त्यानं प्रयोगही करून दाखवला. पण गिऱ्हाईक मिळालं नाही. पुढं विमानं हेरण्याची निकड निर्माण झाली, तोवर त्या पेटंटची मुदत सरली होती.

अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेतल्या टेलर, यंग आणि हायलँड यांना १९३४ मध्ये पेटंट मिळालं. विमानामुळं लहरींत होणारी गडबड टिपून त्याची चाहूल घ्यायची, ही त्यांची पद्धत. विमान नेमकं किती दूर आहे, हे मात्र तिच्यातून कळत नव्हतं.

ब्रिटनमध्ये वॉटसन-वॉट आणि विल्किन्स यांनी २६ फेब्रुवारी १९३५ रोजी चक्क बीबीसीच्या लहरी वापरून सुमारे १३ किलोमीटरवरचं विमान टिपलं. वॉटसन-वॉट यांनी त्याच वर्षी पेटंटसाठी अर्ज केला. तो गुप्त ठेवला गेला आणि १९४७ मध्ये प्रसिद्ध झाला. मोबदल्यासाठी त्यांना युद्धानंतर शाही आयोगापुढं बाजू मांडावी लागली.

म्हणजे तिघांचेही कागद खरे. पण प्रत्येकाचा दावा वेगळा. पेटंट नुसत्या कल्पनेला मिळत नाही. शब्दांत नेमकेपणानं बांधलेल्या दाव्याला मिळतं, तेही ठरावीक मुदतीपुरतं. आपल्याकडं ही मुदत २० वर्षांची आहे. संरक्षणाशी संबंधित शोध गुप्त ठेवण्याचा आदेश आपल्या १९७० च्या कायद्यानुसारही देता येतो.

हे सारं आपल्यापासून फार लांबचं नाही. जिंतूर, सेलू, मानवतच्या वर्कशॉपमध्ये कुणी कोळप्यात, पेरणीयंत्रात नवी युक्ती काढतो आणि कौतुकानं आधी प्रदर्शनात मांडतो. मोजके अपवाद सोडले, तर असं जाहीर झालेलं मग नवं मानलं जात नाही. म्हणून आधी मुंबईच्या पेटंट कार्यालयात अर्ज करावा. सुरुवातीला तात्पुरता तपशील देऊन तारीख पक्की करता येते. पूर्ण तपशिलासाठी १२ महिने मिळतात. प्रदर्शन त्यानंतर खुशाल भरवावं.