पुन्हा पुन्हा उठणारी रांजणवाडी



रांजणवाडी ठाऊक नाही असे घर खेड्यात सापडायचे नाही. पापणी सुजते, ठणका लागतो. कुणी लवंग उगाळून लावते, कुणी ऊन फडक्याने शेकते आणि काही दिवसांत ती फुटते किंवा बसते. बहुतेकांची गोष्ट इथेच संपते. पण एखाद्याची रांजणवाडी बसतच नाही. तिच्याविषयी आज बोलायचे आहे. मी डॉक्टर नव्हे, मास्तर आहे. पण ही माहिती प्रत्येक घरी असावी अशी आहे.

आपल्या पापणीच्या आत बारीक तैलग्रंथींची रांग असते. वरच्या पापणीत सुमारे ३०, खालच्या पापणीत थोड्या कमी. हाइन्रिश मायबोम या जर्मन वैद्याने १६६६ साली त्यांचे वर्णन केले. त्यांतले तेल अश्रूंवर पसरते, म्हणून डोळा लवकर कोरडा पडत नाही. ग्रंथीचे तोंड बुजले की तेल साठून साधी गाठ येते. आणि क्वचित त्याच ग्रंथीत कर्करोगही उपजतो. जागा एकच, म्हणून रूपही सारखेच. फसगत होते ती इथे!

हा रोग एकंदरीत विरळा. परंतु आपल्या देशातल्या अनेक रुग्णालयांच्या नोंदी पाहिल्या, तर पापणीच्या कर्करोगांत त्याचा वाटा एक तृतीयांशाच्या आसपास, कधी त्याहूनही अधिक आढळतो. पाश्चात्त्य देशांत तो फारच थोडा असतो.

मग ओळखायचा कसा? माणूस बहुधा पन्नाशी ओलांडलेला असतो. गाठ बहुधा वरच्या पापणीत, टणक, पिवळसर, न दुखणारी. काढली तरी त्याच जागी पुन्हा येते. तिथले केस गळतात. कधी गाठ दिसतच नाही; एकच डोळा महिनोन्महिने लाल राहतो, थेंब घालूनही निवळत नाही. अशा वेळी डॉक्टरांना आवर्जून सांगा, "ही दुसऱ्यांदा आली आहे." काढलेली गाठ फेकून न देता तिचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासला गेला पाहिजे. खरे निदान तिथेच होते. रोग पातळ थरासारखा पसरतो, म्हणून डोळ्याच्या आतल्या आवरणाचेही निरनिराळ्या जागचे तुकडे घेतात. कानापुढच्या आणि जबड्याखालच्या गाठी चाचपून पाहतात.

उपाय मुख्यतः शस्त्रक्रियेचा. गाठीभोवतीचा सुमारे ५ मिलिमीटर निरोगी भाग घेऊन ती काढतात, आणि कडा स्वच्छ असल्याची खात्री करून पापणी पुन्हा घडवतात. कटलर आणि बिअर्ड यांनी १९५५ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत खालच्या पापणीचा भाग वर ओढून शिवतात; काही आठवडे डोळा झाकलेला राहतो, मग तो उघडतात. उरलेल्या पातळ थरासाठी औषधाचे थेंब किंवा गोठवण्याचा उपचार असतो. मात्र रोग खोबणीत शिरला, तर जीव वाचवण्यासाठी पुष्कळदा डोळाच काढावा लागतो. वेळेवर गेले तर पापणीचा तुकडा, उशीर केला तर डोळा, आणि कधी प्राणही. उपचारानंतरही काही वर्षे तपासणी चुकवू नये.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, गावात लोक तुम्हाला विचारतात. वर्गातल्या पोराच्या रांजणवाडीने घाबरू नका. पण त्याच्या आजीची गाठ तिसऱ्यांदा उठली असेल, तर "शेकून बघा" म्हणू नका. तिला जिल्ह्याच्या रुग्णालयात नेत्रतज्ज्ञाकडे धाडा.