विद्यार्थ्यांच्या उद्योजकता-स्पर्धा : एका व्यापाऱ्याचे मनोगत

(सुवर्णमहोत्सवानिमित्त आयोजित विद्यार्थी गुणगौरव समारंभातील भाषण)



गुणपत्रिकांचे कौतुक आज यथोचित झाले. मला बोलायचे आहे ते एका निराळ्या परीक्षेविषयी. महाविद्यालयांतील मुले-मुली चार-पाच जणांचा संघ करून उद्योजकतेच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत उतरतात. व्यवसायाची कल्पना मांडायची, तिचा हिशेब द्यायचा आणि ठरावीक मिनिटांत ती परीक्षकांना पटवायची. आपल्यापैकी पुष्कळ पालकांना त्यात करंडक दिसतो, परदेशवारी दिसते. वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि जन्मभर कापड विकलेला माणूस म्हणून मला त्यात आणखी काही दिसते, ते आपल्यापुढे ठेवतो.

ही रीत जुनी आहे. १९१९ साली अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड या गावी 'ज्युनिअर अचीव्हमेंट' ही संस्था सुरू झाली. तिच्या संस्थापकांत होरेस मोझेस हे कागदाचे कारखानदार होते आणि थिओडोर व्हेल हे टेलिफोन कंपनीचे प्रमुख होते. मुलांनी खरीखुरी छोटी कंपनी काढायची, ओळखीपाळखीच्या लोकांना भाग विकून भांडवल उभे करायचे, आपल्यातूनच पदाधिकारी निवडायचे, वस्तू तयार करून विकायची आणि मुदत संपताच कंपनी बंद करून भागधारकांचा हिशेब चुकता करायचा, अशी तिची पद्धत. १९६२ मध्ये वॉल्टर सॉलोमन या बँकव्यावसायिकांनी 'यंग एंटरप्राइज' या नावाने ती ब्रिटनमध्ये रुजवली. पुढे युरोपातील देशोदेशींच्या विद्यार्थी-कंपन्यांमध्ये स्पर्धाही होऊ लागल्या.

यातील शेवटची पायरी मला सर्वांत मोलाची वाटते. दुकान उघडायला काय, नारळ फोडला की उघडले! ते बंद करताना मात्र प्रत्येकाचे देणे चुकवून ताठ मानेने बाहेर पडता आले पाहिजे. सोळा वर्षांच्या मुलीने शेजारच्या काकूंकडे जाऊन, "तुमच्या भागावर इतका तोटा आला, हा त्याचा हिशेब," असे सांगणे केवढे कठीण आहे! बी.कॉम.च्या वर्गात आम्ही ताळेबंद पुष्कळ जुळवले, पण ते कोणाच्या तोंडावर वाचून दाखवण्याची वेळ आमच्यावर कधी आली नाही.

दुसरी स्पर्धा 'हल्ट प्राइझ' नावाची. अहमद अश्कर या व्यवस्थापनशास्त्राच्या विद्यार्थ्याने २००९ साली ती कल्पना मांडली आणि पुढे बर्टिल हल्ट या स्वीडिश उद्योगपतींच्या देणगीतून विजेत्या संघासाठी १० लाख डॉलरचे पारितोषिक ठेवले गेले. ही रक्कम बक्षीस म्हणून घरी न्यायची नसते, ते उद्योगाचे भांडवल असते. पूर्वी दरवर्षी एक प्रश्न दिला जात असे. प्रथम महाविद्यालयात, मग पुढच्या फेऱ्यांत आणि शेवटी जागतिक अंतिम फेरीत निवड होते.

२०१४ साली हा मान हैदराबादच्या इंडियन स्कूल ऑफ बिझनेसमधील विद्यार्थ्यांनी मिळवला. त्या वर्षीचा प्रश्न होता शहरी झोपडपट्ट्यांतील मधुमेह, रक्तदाब अशा दीर्घकालीन आजारांचा. आता व्यापाऱ्याच्या दृष्टीने पाहा. कापडाच्या दुकानात गिऱ्हाईक आपल्या पायांनी येते, कारण त्याला लग्नसराई ठाऊक असते, दिवाळी ठाऊक असते. रक्तदाब तपासून घ्यायला कोण येणार? तो दुखत नाही. ज्या मालाची गरजच गिऱ्हाइकाला जाणवत नाही, तो माल रोजच्या मजुरीवर जगणाऱ्या माणसाला द्यायचा, आणि उद्योग स्वतःच्या पायावर उभा ठेवायचा! या मुलांच्या 'नॅनोहेल्थ' या योजनेत वस्तीपातळीवरच्या आरोग्यसेविका नेमायच्या होत्या. त्यांना 'साथी' असे नाव दिले होते. तपासणीची साधने एका पिशवीत घेऊन त्यांनी घरोघर जायचे. हे वाचले तेव्हा मला खांद्यावर कापडाचा गठ्ठा घेऊन गावोगाव फिरणारे जुने व्यापारी आठवले. त्यांचे अर्धे भांडवल गठ्ठ्यात असे आणि अर्धे ओळखीत. परक्या माणसाला जे दार उघडत नाही, ते ओळखीच्या बाईला उघडते, हे त्या मुलांनी बरोबर हेरले होते.

त्याच्या आदल्या वर्षाची, म्हणजे २०१३ ची हकीकत आपल्या मंडळींना अस्वस्थ करील, तरी सांगतो. प्रश्न होता झोपडपट्ट्यांतील अन्नटंचाईचा, आणि विजयी ठरला कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाचा संघ. त्यांची योजना होती कीटकांची पैदास करून त्यांच्यापासून प्रथिनयुक्त पीठ तयार करण्याची. मेक्सिको, घाना, थायलंड अशा देशांत कीटक खाण्याची प्रथा पूर्वीपासून आहे, त्यामुळे त्या दृष्टीने कल्पना तर्काला धरून होती. जागा थोडी लागते, खर्च कमी येतो, पोषण मिळते. त्या मुलांना मी दोष देत नाही, भुकेचा प्रश्न त्यांनी मनापासून घेतला होता. परंतु आपल्या घरातला मुलगा त्या संघात असता तर? सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या, पाणी गाळून पिणाऱ्या घरातला मुलगा? चौघे जण उत्साहाने एका बाजूला, समोर १० लाख डॉलर, आणि याने एकट्याने म्हणायचे, "हा माल मी विकणार नाही." नफा किती, विस्तार किती, लाभ किती जणांना, हे परीक्षक विचारतात. हा धंदा मी करावा का, हे मात्र ज्याचे त्यालाच विचारावे लागते, आणि तेही संघाची पहिली बैठक संपण्यापूर्वी. नंतर बाहेर पडणे म्हणजे सहकाऱ्यांना वाऱ्यावर सोडणे होय.

पालकांनाही एक विनंती. मुलांचा प्रकल्प-अहवाल वडिलांच्या सनदी लेखापालाने लिहून देण्याची प्रथा कृपया पाडू नका. कच्चा हिशेब चालेल, उसना नको.

विश्वस्तांपुढे माझी एक सूचना आहे. परदेशी स्पर्धांची प्रवेशपत्रे भरण्यापूर्वी आपल्याच नववी ते बारावीच्या मुलांची एक वर्षाची कंपनी येथे काढावी. माल त्यांनी ठरवावा, किर्द-खतावणी त्यांनी लिहावी, उधारी द्यायची की नाही हेही त्यांनीच ठरवावे. माझ्या मते देऊ नये, पण ते ऐकणार नाहीत! सभागृहातील एक कोपरा आठवड्यातून एक दिवस मिळाला तरी पुरे. पहिला भाग मी घेईन. मात्र वर्षअखेरीस ताळेबंद माझ्यासमोर बसून, त्यांच्याच तोंडून मला ऐकायचा आहे.